आमच्या बूथने कुणाला मत दिलं हे तुम्हाला कळायलाच कशाला हवं? ठाणे जिल्ह्यातल्या १८ आमदारांना खुलं पत्र

ठाणे जिल्ह्यातल्या अठराही मतदारसंघांच्या आमदार साहेबांना आणि ताईंना,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात राहते. कुठला मतदारसंघ, कुठला रोड, कुठली सोसायटी हे मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ते लिहिलं की मतदार यादीतला भाग क्रमांक शोधायचा, त्यावरून बूथ शोधायचा आणि त्या बूथवर कुणाला किती मतं पडली ते बघायचं, एवढ्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. हे पत्र त्याबद्दलच आहे.

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला तेव्हा संध्याकाळपर्यंत २८८ जागांचं चित्र घराघरात पोचलं होतं. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१, समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. आपल्या जिल्ह्यात १८ पैकी १६ महायुतीकडे, फक्त मुंब्रा-कळवा आणि भिवंडी पूर्व दुसऱ्या बाजूला. आणि एकाच जिल्ह्यात किती तऱ्हा बघा, कोपरी-पाचपाखाडीत लीड लाखाच्या वर, ओवळा-माजिवड्यात लाखाच्या वर, मुंब्रा-कळव्यात ९६ हजारांच्या वर, आणि तिकडे बेलापूरला फक्त ३७७ मतांनी सीट निघाली. शहापूरलाही दोन हजारांच्या आत. राज्यात तर मालेगाव मध्यला १६२ आणि साकोलीला २०८ मतांवर निकाल लागला. हे सगळे आकडे जाहीर झालेच पाहिजेत, मोठ्या अक्षरात झाले पाहिजेत, कोण किती मतांनी जिंकलं आणि कुणाचं डिपॉझिट गेलं हे कळणं आपला हक्क आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

माझं म्हणणं आहे त्याच्या खालच्या आकड्यांबद्दल. मतदारसंघाचा निकाल लागतो त्यासोबत फॉर्म २० नावाचा एक तक्ता तयार होतो, ज्यात प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ असते आणि त्या ओळीत प्रत्येक उमेदवाराला तिथे किती मतं पडली ते असतं. तो पुढे वेबसाइटवर येतो, कुणीही डाउनलोड करू शकतं. राज्यात २०२४ ला एक लाखाच्या वर मतदान केंद्रं होती, म्हणजे एक लाखाच्या वर ओळी. कागदावर ही फक्त आकडेवारी वाटते. पण आता एका बूथवर जास्तीत जास्त १२०० मतदार ठेवायचं ठरलंय, आधी १५०० होते. त्यातले प्रत्यक्ष मत द्यायला येणारे आपल्या शहरी भागात निम्म्याच्या थोडे इकडेतिकडे. राहिले किती, सहाशे-सातशे माणसं. तीन-चार विंगची सोसायटी असेल तर तेवढ्यात एक अख्खा बूथ होतो. वर आता मोठ्या सोसायट्यांच्या आवारातच मतदान केंद्र देतात, ते चांगलंच आहे, आमच्या इथल्या म्हाताऱ्या माणसांना लांब शाळेत जाऊन उन्हात उभं राहावं लागत नाही, मतदान वाढावं म्हणून आयोगाने केलेली सोय आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा झाला की फॉर्म २० मधली ती एक ओळ आता एका परिसराची न राहता एका गेटच्या आतल्या माणसांची झाली.

काय होतं ते सांगते. निकालानंतर काही आठवड्यांनी आमच्या कमिटीतले आम्ही काही जण गेटबाहेरच्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी अर्ज घेऊन एका पक्षाच्या ऑफिसात गेलो. कुठला पक्ष ते सांगत नाही, जिंकलेला की हरलेला तेही नाही, कारण मला कुणा एकाचं नाव खराब करायचं नाहीये आणि मला खात्री आहे की दुसऱ्या ऑफिसात गेलो असतो तरी तेच झालं असतं. रस्ता सार्वजनिक आहे, सोसायटीचा नाही, संध्याकाळी क्लासहून येणाऱ्या मुली त्या अंधारातूनच येतात. तिथल्या कार्यकर्त्याने आम्हाला बसवलं, चहा सांगितला, बोलायला चांगला होता. मग त्याने ड्रॉवरमधून एक प्लॅस्टिकची फाइल काढली. आत त्या तक्त्याचे प्रिंटआउट. काही ओळींवर हिरवा हायलायटर, काही ओळींवर गुलाबी. फॉर्ममध्ये फक्त केंद्राचा नंबर असतो, पण इथे प्रत्येक नंबरासमोर बॉलपेनने बारीक अक्षरात सोसायटीचं नाव लिहिलेलं होतं, एका ठिकाणी तर कंसात कुठल्या विंग तेही. कुणीतरी बसून, मतदार यादी शेजारी ठेवून, एकेक नाव लावत गेलेलं आहे. त्याने बोट फिरवत आमची ओळ काढली, गुलाबी होती, आणि आमच्या चेअरमनना म्हणाला, "काका, तुमचा बूथ मायनस आहे ना." म्हणजे आमच्या बूथवर त्यांना समोरच्यापेक्षा कमी मतं पडली होती.

काका सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांनी काय उत्तर द्यावं? ते म्हणाले, "आम्ही दिव्यांसाठी आलोय." तो म्हणाला, "होईल हो काम, नाही कुठे म्हणतोय, पण आधी ज्यांनी दिलंय त्यांचं करावं लागतं, तुम्हीच सांगा." आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही, अर्जावर शिक्का मारून पोच पण दिली. तक्रार करायची म्हटलं तर कशाची करणार? पण खाली उतरताना आमच्यातलं कुणी कुणाशी बोललं नाही.

मला राग त्या मुलाचा कमी आला, पुढे जे झालं त्याचा जास्त आला. त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर सुरू झालं. एकाने टाकलं की आपल्यातल्याच काही जणांमुळे सगळ्यांची कामं अडतात. दुसऱ्याने विचारलं कुठली विंग. मग भाडेकरूंवर गेलं, मग ज्यांच्या आडनावावरून लोक अंदाज बांधतात त्यांच्यावर गेलं, मग एका ताईंचा भाऊ दुसऱ्या पक्षात काम करतो म्हणून त्यांच्यावर. त्यांनी मतदान कुणाला केलं ते त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. ते माहीत नसावं म्हणूनच तर तो पुठ्ठ्याचा आडोसा लावतात आणि आत एका वेळी एकालाच सोडतात. पण बूथचा आकडा हातात आला की लोक वजाबाकी करायला लागतात, हे घर आपलं, ते घर त्यांचं, मग उरले कोण. त्या ताई ग्रुपमधून बाहेर पडल्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या नाहीत. वर्षानुवर्षं एकमेकींकडे डबे देणाऱ्या बायका आहेत या.

तुम्ही म्हणाल हे एका सोसायटीचं झालं. बरं, सोसायटीवाल्यांचं एक वेळ सोडा, आमच्याकडे ओळखी आहेत, नाहीतर वर्गणी काढून फोकस लावून घेऊ. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांचं काय? भातसा, तानसा, मोडकसागर ज्या तालुक्यात, ज्यांचं पाणी मुंबई पिते, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तिथे दोन-तीन पाडे मिळून एक बूथ, सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे. टँकर कुठल्या पाड्यावर आधी जायचा हे ज्याच्या शब्दावर ठरतं त्याच्या हातात ती गुलाबी-हिरवी यादी असेल तर त्या पाड्यावरची बाई बटण दाबताना काय विचार करेल? आणि नवी मुंबईत गावठाणाचा बूथ वेगळा, शेजारच्या सेक्टरचा वेगळा, तिथे तर दुसऱ्या दिवशी नाक्यावर चर्चाच असते की गावाने लीड दिला आणि सेक्टरने पाडलं, किंवा उलटं. ३७७ मतांचा फरक असेल तेव्हा तर प्रत्येक बूथ म्हणू शकतो आमच्यामुळे आले आणि प्रत्येक बूथवर आरोपही होऊ शकतो की तुमच्यामुळे पडलो. मी बेलापूरच्या कुणावर बोट दाखवत नाहीये, तिथे काय झालं मला माहीत नाही, आकडा किती बारीक असतो एवढंच म्हणतेय. ३७७ म्हणजे एका उंच टॉवरमधले मतदार.

हे काही नवीन दुखणं नाही आणि यावर औषधही कधीचं तयार आहे, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा निवडणूक नियमांत नियम ५९-अ होता, मतदारांवर दबाव यायची किंवा मतामुळे त्यांना त्रास व्हायची भीती असेल तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळायच्या आणि मग मोजायच्या. कुठल्या पेटीतलं कुठलं मत ते कळायचा प्रश्नच नाही. मशीन आली आणि ती सोय गेली, कारण प्रत्येक मशीन आपला आकडा वेगळा दाखवतं. मग ज्या सरकारी कंपन्या मतदान यंत्रं बनवतात त्यांनीच टोटलायझर नावाचं यंत्र बनवलं, १४ मशीन एकत्र जोडायची आणि सगळ्यांची मिळून एकच बेरीज घ्यायची. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये हे वापरू द्या म्हणून कायदा मंत्रालयाला कळवलं. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात शिफारस केली. सुप्रीम कोर्टात याचिका गेली तेव्हा केंद्र सरकारने विरोध केला आणि कारण काय दिलं, तर बूथवार आकडे कळले की उमेदवारांना आणि पक्षांना समजतं आपण कुठे कमी पडलो आणि कुठे जास्त काम करायला हवं.

मला हे कारण मनापासून पटवून घ्यायचं होतं. पण तुम्ही सगळे फिरता, तुम्हीच सांगा, ज्या बूथवर मतं कमी पडली तिथे जास्त काम होतं असं तुम्ही किती ठिकाणी बघितलंय? प्रत्येक आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, त्यातून कुठल्या गल्लीत पेव्हर ब्लॉक आणि कुठल्या बागेत ओपन जिम ते ठरतं, आणि तो निधी माझ्या कराचा पण आहे आणि गुलाबी ओळीतल्या सगळ्यांच्या कराचा पण आहे. २०१९ च्या लोकसभेला उत्तर प्रदेशात तेव्हाच्या एका केंद्रीय मंत्र्यांनी भर सभेत सांगितलं होतं की किती टक्के मतं दिली त्यावरून गावांची ए बी सी डी लावतो आणि त्या क्रमाने कामं करतो. आयोगाने त्यांना कडक शब्दांत समज दिली. त्या माइकवर बोलल्या म्हणून कळलं. आमच्याकडे ड्रॉवरमध्ये फाइल असते.

आणखी एक. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने याच १९६१ च्या निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलला आणि मतदान केंद्रावरचं सीसीटीव्ही फुटेज सगळ्यांना मागता येणार नाही असं केलं. त्याचं समर्थन करताना आयोगाकडून नंतर काय सांगितलं गेलं, तर एखाद्या बूथवर एखाद्या पक्षाला कमी मतं पडली तर फुटेज बघून कोण मतदानाला आलं होतं आणि कोण नव्हतं ते तो पक्ष शोधेल आणि लोकांना त्रास देईल. तो बदल बरोबर की चूक यावर खूप भांडण झालं, अजून चालू आहे, मी त्यात पडत नाही. पण त्या वाक्याचा पहिला भाग परत वाचा, एखाद्या बूथवर एखाद्या पक्षाला कमी मतं पडली तर. म्हणजे बूथचा आकडा कळला की लोकांना त्रास होऊ शकतो हे मान्यच आहे. मग कुलूप फक्त फुटेजला का?

आता समोरची बाजू, जी मला खरंच महत्त्वाची वाटते. मशीनवर ज्यांचा विश्वास नाही ते म्हणतील की बूथवार आकडे हाच तर पुरावा आहे, तोच काढून घेतला तर गडबड पकडायची कशी? माळशिरस मतदारसंघातल्या मारकडवाडीचं सगळ्यांना आठवत असेल, डिसेंबर २०२४ मध्ये गावकऱ्यांना आपल्या गावाचा आकडा पटला नाही आणि त्यांनी स्वतःच कागदी मतपत्रिकेवर परत मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते थांबलं. गावाचा आकडा गावाला कळला म्हणून त्यांना प्रश्न तरी विचारता आला, हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण यावर उत्तर आहे. मतदान संपल्यावर प्रत्येक केंद्रावर फॉर्म १७-सी भरतात, त्यात त्या मशीनमध्ये एकूण किती मतं पडली ते असतं आणि त्याची प्रत पोलिंग एजंटांना मिळते. ती तशीच राहू दे, उलट ती सगळ्यांसाठी जाहीर करा. चौदा केंद्रांच्या १७-सी ची बेरीज आणि टोटलायझरची बेरीज जुळली पाहिजे, न जुळली तर तिथेच मोजणी थांबवा. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर मशीनशेजारी छापल्या जाणाऱ्या, चिठ्ठ्या आज प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या मोजतात, त्या जास्त केंद्रांच्या मोजा, उमेदवारांच्या एजंटांसमोर मोजा आणि आकडा बंद पाकिटात ठेवा. वाद कोर्टात गेला तर न्यायाधीशांच्या आदेशाने बूथचा आकडा उघडता येईल अशी तरतूद ठेवा. कोर्टाने आकडा बघणं आणि नाक्यावरच्या ऑफिसात तो हायलायटर लावून ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि मोजणीच्या कामात यामुळे फार उलथापालथ होईल असंही नाही. मतमोजणीच्या हॉलमध्ये एका मतदारसंघाला साधारण १४ टेबलं असतात, एका फेरीत १४ केंद्रं मोजली जातात, आणि टीव्हीवर आपण सगळे बघतो तेही फेरीनिहाय लीडच असतं, पाचव्या फेरीअखेर इतकी आघाडी वगैरे. म्हणजे लोकांना ज्याची उत्सुकता असते ते सगळं तसंच राहतं. फक्त फेरीच्या खालचा आकडा बाहेर पडत नाही, आणि एका फेरीत दहा-पंधरा हजार मतदारांचा भाग येत असल्यामुळे त्यात कुणाची सोसायटी आणि कुणाचा पाडा वेगळा काढता येत नाही.

हे सगळं मी दिल्लीला लिहायचं सोडून तुम्हा अठरा जणांना का लिहितेय? कारण नियम दिल्लीत बदलतात पण फाइल तुमच्या मतदारसंघात असते. आणि कारण तुमच्याइतकं वजन आज दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याकडे क्वचितच असेल. तुमच्यात एकनाथ शिंदे साहेब आहेत, मुख्यमंत्री होते, आता उपमुख्यमंत्री आहेत. गणेश नाईक साहेब आणि प्रताप सरनाईक साहेब मंत्री आहेत. रवींद्र चव्हाण साहेबांकडे भाजपचं प्रदेशाध्यक्षपद आलं. समोरच्या बाकावरून जितेंद्र आव्हाड साहेब आणि रईस शेख साहेब बोलायला उभे राहिले की सभागृह ऐकतं. मंदाताई आणि सुलभाताई, तुम्ही दोघी या अठरा जणांत बाईमाणूस आहात, घरात आणि बाहेर कुणाला मत दिलंस म्हणून बायकांना काय काय ऐकून घ्यावं लागतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

माझी तुमच्याकडे मागणी अशी आहे. विधानसभेत अशासकीय ठराव आणा, की महाराष्ट्र विधानसभा केंद्र सरकारला शिफारस करते की निवडणूक नियमांत बदल करून मतमोजणीत टोटलायझर आणावा आणि केंद्रनिहाय मतांचे आकडे जाहीर करू नयेत. ठराव बंधनकारक नसतो हे मला माहीत आहे, पण एका मोठ्या राज्याच्या विधानसभेने असं लेखी म्हटलं तर दिल्लीत त्याची दखल घ्यावी लागेल. सत्तेतल्या एकाने आणि विरोधातल्या एकाने मिळून सूचना दिली तर त्याला पक्षाचा रंगही लागणार नाही. तुम्हा कुणालाच यातून तोटा नाही, उलट तुमच्या विरोधकाच्या ऑफिसातली यादी पण निकामी होईल.

आणि ते होईपर्यंत, ते कधी होईल कोण जाणे, तुमच्या ऑफिसच्या बाहेर एक कागद लावा. इथे काम घेऊन येणाऱ्याला बूथ, भाग क्रमांक किंवा मतदानाबद्दल काहीही विचारलं जाणार नाही, एवढंच. खाली तुमची सही. आणि आत बसणाऱ्या पोरांना नीट सांगा, ती वाईट नाहीत, त्यांना हेच काम म्हणून शिकवलंय, प्लस बूथ सांभाळा आणि मायनस बूथ लक्षात ठेवा. बूथवार याद्या पक्षाच्या अभ्यासासाठी तुम्ही ठेवणारच, ते मी थांबवू शकत नाही, पण अर्ज घेणाऱ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ती यादी नको.

कायद्यात कलम ९४ आहे, लोकप्रतिनिधी कायदा १९५१ मधलं, की कुणालाही कोर्टातसुद्धा तू कुणाला मत दिलंस हे सांगायला भाग पाडता येत नाही. न्यायाधीशासमोर जे सांगावं लागत नाही ते आमच्या काकांना रस्त्यावरच्या दिव्यांसाठी सांगावं लागू नये.

हे पत्र मी तुम्हा अठरा जणांच्या ऑफिसला पोस्टानेही पाठवतेय, ठरावाचा कच्चा मसुदा सोबत जोडलाय, भाषा सुधारून घ्या. वाचणाऱ्यांपैकी कुणाला पटलं तर आपापल्या आमदारांना आपल्या शब्दांत लिहा. फक्त स्वतःचा बूथ नंबर त्यात घालू नका.

आपली,
ठाणे जिल्ह्यातली एक मतदार